खोलीचा मूडबोर्ड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सांगलीत विश्रामबाग भागात आम्ही नुकताच फ्लॅट घेतला आहे. बैठकीची खोली 12 फूट बाय 14 फूट असून तिची मोठी खिडकी पश्चिमेला आहे. बिल्डरने बसवलेली फरशी फिकट बदामी आहे आणि सासूबाईंचा सागवानी दिवाण याच खोलीत राहणार आहे. मोबाइलवर मी खोल्यांची इतकी चित्रे साठवली आहेत की आता काहीच ठरत नाही, आणि सुतार तर रोज सनमायक्याचा नंबर मागतो आहे. मूडबोर्ड, म्हणजे खोलीसाठी निवडलेले रंग, कापडे आणि साहित्याचे नमुने एकत्र लावलेला फलक, केल्याने निर्णय सोपा होतो असे ऐकले. तो नेमका कसा करावा?
– एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : चित्रे साठवताना आवडेल ते घेता येते, मूडबोर्ड करताना मात्र आवडलेल्यातले बरेचसे सोडावे लागते, आणि आपले घोडे बहुधा तिथेच अडले आहे. म्हणून आधी साठवलेल्या चित्रांतली पाच-सहाच निवडून छापून घ्यावीत आणि प्रत्येकाखाली ‘यात मला नेमके काय आवडले’ हे एका वाक्यात लिहावे. पुष्कळदा असे आढळते की आवडलेली गोष्ट सोफा किंवा भिंतीचा रंग नसून छताची उंची, भलीमोठी खिडकी किंवा खोलीतला मोकळेपणा ही असते. ती बाजारातून आणता येत नाही, त्यामुळे असे चित्र बाजूला ठेवण्यास हरकत नसावी.

बोर्डाची सुरुवात मात्र चित्रांपासून करू नये. आपल्या पत्रात दोन गोष्टी आधीच ठरलेल्या आहेत, बदामी फरशी आणि सागवानी दिवाण. बिल्डरकडे किंवा गच्चीच्या कोपऱ्यात उरलेली एखादी फरशी असतेच. ती मागून घ्यावी. दोन फूट लांबीचा जाड पुठ्ठा घेऊन तो त्या फरशीच्या तुकड्यासह दिवाणाशेजारी उभा करावा आणि पुढचा प्रत्येक नमुना या दोघांच्या सोबतीने पाहावा. सागवान आणि बदामी हे दोन्ही पिवळसर, उबदार रंग आहेत. त्यांच्याजवळ आणलेली राखाडी छटा दुकानात दिसली त्याहून निळसर दिसू लागते, आणि सध्या फार चालणारी राखाडी-पांढरी जोडी आपल्या खोलीत परकी वाटण्याचा संभव आहे. सनमायक्याबाबतही माझे मत स्पष्ट आहे : खऱ्या सागवानाशेजारी सागवानी नक्षीचा सनमायका घेऊ नये, कारण अस्सल लाकूड जवळ असले की नक्कल लगेच उघडी पडते. एकरंगी, मंद पोताचा सनमायका घ्यावा, किंवा लाकडी हवाच असेल तर तो दिवाणाहून स्पष्टपणे गडद असावा.

नमुन्यांचा आकार खोलीतल्या प्रमाणानुसार ठेवावा. भिंतींचा रंग बोर्डावर सर्वांत मोठा, पडदे आणि कपाटे त्याच्या निम्म्याने, आणि उशांचे अभ्रे किंवा एखादी फुलदाणी अगदी लहान. सजावटकार यासाठी 60, 30 आणि 10 टक्के असा ढोबळ हिशेब सांगतात. हे प्रमाण पाळले नाही तर अभ्र्याचा लालभडक तुकडा बोर्डावर भिंतीएवढी जागा अडवतो आणि सगळाच अंदाज चुकतो. शेड कार्डवरच्या बोटभर पट्टीवरून भिंतीचा रंग ठरवू नये. चार भिंती एकमेकींवर आपला रंग परावर्तित करतात, त्यामुळे पट्टीवर सौम्य भासलेली छटा खोलीभर लागली की भडक होते. रंगाचा लहानात लहान डबा आणून मोठ्या कार्डशीटवर दोन हात द्यावेत, शीट वाळल्यावर आळीपाळीने चारही भिंतींवर लावावी आणि सकाळी, दुपारी चारनंतर व रात्री दिवे लावून पाहावी. पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळी येणारे तांबूस ऊन हळदी किंवा पीच छटेला नारिंगी करून सोडते. एप्रिल-मे महिन्यांतल्या सांगलीच्या उन्हात तर तो रंग डोळ्यांना नकोसा होईल. अशा खोलीला किंचित हिरवट झाक असलेला पांढरा किंवा फिकट शेवाळी रंग अधिक मानवतो.

रात्रीच्या पाहणीसाठी आपण कायम वापरणार तेच बल्ब हवेत. खोक्यावर ‘के’ (K) या अक्षराआधी प्रकाशाच्या छटेचा आकडा छापलेला असतो : 2700 ते 3000 म्हणजे पिवळसर, 6500 म्हणजे निळसर पांढरा. दुकानाच्या पांढऱ्या उजेडात तंतोतंत जुळलेले पडदा आणि सनमायका घरच्या पिवळ्या दिव्याखाली वेगळे पडू शकतात. त्यात दुकानदाराची लबाडी नसते, दोन्हींतली रंगद्रव्ये निराळी असतात. पडद्याचे कापड दुकानदार गल्ल्यावर पसरून दाखवतो, पण पडद्याला आयुष्यभर मागून उजेड मिळणार असतो. तेव्हा हातभर तुकडा मागून आणावा आणि खिडकीत धरून पाहावा. त्याचप्रमाणे भिंतीचे आणि कपाटाचे नमुने उभे धरून, तर फरशीचा व सतरंजीचा नमुना जमिनीवर आडवा ठेवून पाहावा, कारण उभ्या आणि आडव्या पृष्ठभागांवर उजेड सारखा पडत नाही.

इतके झाल्यावर बोर्ड दोन-चार दिवस तसाच राहू द्यावा आणि जाता-येता जो नमुना खटकेल तो काढावा. त्याच्या जागी लगेच दुसरा आणू नये. जे उरेल त्याच्यामागे कंपनी, शेड क्रमांक आणि सनमायक्याचा क्रमांक लिहून ठेवावा. सुताराला हवा असलेला नंबर तोच.

प्रश्न : मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये मूडबोर्ड केला तर चालेल का?
– एक विद्यार्थिनी, मिरज

उत्तर : मांडणी सुचण्यापुरता चालेल. मोबाइलचा पडदा स्वतः प्रकाश देतो, भिंत देत नाही, आणि रात्री डोळ्यांसाठी पिवळा मोड चालू असेल तर प्रत्येक रंगच बदलतो. शिवाय कापडाचा खरखरीतपणा काचेवर बोट फिरवून कळणार नाही. टेबल आणि पलंग खोलीत मावतात का, हे पाहायचे असेल तर त्यांच्या मापाचे वर्तमानपत्र जमिनीवर अंथरावे.

प्रश्न : साताऱ्याच्या शनिवार पेठेत आमचे जुने घर आहे. माडीवरची खोली कडीपाटाची (लाकडी तुळया-फळ्यांच्या छताची), खिडक्या लहान, भिंती जाड आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या आहेत. खालच्या खोलीची शहाबादी फरशी तशीच ठेवायची आहे. चिरंजीवांना मात्र दोन्ही खोल्या हॉटेलसारख्या पांढऱ्या-राखाडी हव्या आहेत. दोघांचे मन कसे राखावे?
– एक ज्येष्ठ वाचक, सातारा

उत्तर : दोघांनी आपापला स्वतंत्र बोर्ड करावा, पण दोन्ही बोर्डांवर ठरलेल्या वस्तू एकच असाव्यात : खालच्या खोलीसाठी शहाबादीचा तुकडा आणि माडीसाठी कडीपाटाच्या लाकडाचा जवळून घेतलेला, दिवसाउजेडातला छापील फोटो. वाद आवडीनिवडीपुरता न राहता या दोन वस्तूंशी काय जुळते, यावर येतो आणि बहुधा लवकर मिटतो. चिरंजीवांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. शहाबादी मुळातच राखाडी-निळसर असते, तेव्हा खालच्या खोलीत त्यांचा राखाडी रंग फरशीने आधीच पुरवला आहे. भिंतींवर तो पुन्हा आणला तर लहान खिडक्यांमुळे खोली ढगाळ दिसेल. पांढरा मात्र घ्यावा, पण दुधी झाक असलेला.

अडचण रंगापेक्षा ओलीची अधिक आहे. दगड-मातीच्या किंवा चुन्याच्या जुन्या भिंती ओल शोषतात आणि उन्हाळ्यात ती बाहेर टाकतात. त्यांवर प्लॅस्टिक इमल्शन रंगाचा थर दिला की ओल आत अडकते आणि दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. म्हणून बोर्डावर गुळगुळीत चकचकीत नमुन्याऐवजी चुन्याच्या हाताचा नमुना ठेवावा. पुठ्ठ्यावर चुना नीट धरत नाही, तेव्हा तो एखाद्या विटेवर लावून वाळू द्यावा. चुन्याचा रंग ओला असताना गडद आणि वाळल्यावर बराच फिकट दिसतो, हे चिरंजीवांना आधीच सांगून ठेवावे. गळती असेल तर ती आधी काढावी, रंगकाम नंतर. कडीपाट रंगवू नये. धूळ झाडून त्याला तेलाचा हात द्यावा, आणि बैठकीवर घोंगडी किंवा खणाच्या कापडाचा एखादा अभ्रा टाकून पाहावा.

प्रश्न : आमचे घर सांगलीत नदीजवळ तळमजल्यावर आहे. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी पुराचे पाणी घरात आले. पुन्हा सजावट करावी असे वाटते, पण धीर होत नाही. मूडबोर्डात याचा विचार होतो का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : व्हायलाच हवा. 2005 साली पाणी कुठवर चढले होते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे, मागच्या दोन पुरांच्या खुणा भिंतीवर पाहाव्यात आणि त्यांतली सर्वांत उंच खूण धरून बोर्डावर आडवी रेघ मारावी. रेघेखाली फक्त भिजून पुन्हा धुता येईल असेच साहित्य लावायचे : कडप्प्याच्या मांडण्या, फरशी, भिंतीला टाइल, लोखंडी किंवा स्टीलच्या पायांचे फर्निचर. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा-तुकडे दाबून केलेल्या फळ्या) या भागात नकोच, कारण पाणी प्यायल्यावर ते फुगतात आणि पूर्ववत होत नाहीत. प्लायवूड लागलेच तर पाट्यावर आयएस 710 (पाण्याला टिकणाऱ्या ‘मरीन’ प्लायवूडचे भारतीय मानक) हा शिक्का असलेले घ्यावे, तरीही त्यावरचा सनमायका कडांनी सुटू शकतो, हे गृहीत धरावे. विजेचे प्लग रेघेच्या वर न्यावेत. खूण डोक्याच्याही वर असेल तर निदान ज्या वस्तू पाण्याआधी उचलून नेता येत नाहीत, त्यांना हा नियम लावावा.

आवडीचे रंग, गादीची कापडे, लाकडी चौकटी हे सारे रेघेच्या वर मनमुराद घ्या. त्यामुळे खोलीचा खालचा भाग साधा आणि वरचा भाग रंगीत अशी रचना आपोआप होते. टाइल मात्र पांढरीशुभ्र घेऊ नये; गाळाचे डाग तिच्या सांध्यांत राहतात, म्हणून मातकट किंवा गडद करड्या टाइलचा नमुना रेघेखाली लावून वरच्या रंगाशी जुळवून पाहावा. पडदे जमिनीपर्यंत न सोडता खिडकीच्या उंबऱ्याशी थांबवावेत आणि नळीवर असे अडकवावेत की ते एकट्या माणसालाही झटपट उतरवता येतील.