पर्यावरणपूरक वाहक पॉलिमरपासून चपलेत बसणारा दाब-सेन्सर करता येईल का?

बीईच्या प्रोजेक्टसाठी पायाचा दाब मोजणारा सेन्सर करायचाय, पॉलिमर निसर्गाला घातक नको आणि सामान मुंबईतच मिळावं, असं तुम्ही विचारलंय. जरूर करता येईल.

मात्र रिपोर्टमध्ये ‘संपूर्ण जैवविघटनशील’ असं लिहू नका. पॉलिअ‍ॅनिलीन, पॉलिपायरोल, पेडॉट हे वाहक, म्हणजे वीज वाहून नेणारे, पॉलिमर मातीत सहजी कुजत नाहीत. कुजतो तो त्यांना धरून ठेवणारा जैविक पाया, म्हणून वाहक पदार्थ जेमतेम लागेल तेवढाच घालायचा. पेडॉट-पीएसएस (पेडॉट आणि पीएसएस या दुसऱ्या पॉलिमरचं मिश्रण) पाण्यात मिसळतं, विषारी द्रावक लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण पीएसएस हवेतला ओलावा शोषतं आणि ते महागही आहे. मी असतो तर वाहक पॉलिमरऐवजी जैविक पाया म्हणून कायटोसान आणि वीज वाहायला कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी बारीक कार्बन पावडर, घेतलं असतं.

ससून डॉकला कोळंबी सोलल्यावर टरफलांचे ढीग उरतात ना, तसल्याच टरफलांमधल्या कायटिनपासून कायटोसान बनतं. तुम्ही तयार पावडर घ्या. प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकलवाल्यांकडे चौकशी करा. पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडमध्ये ती विरघळवा, लवचीकपणासाठी थोडं ग्लिसरीन घाला, मग कार्बन मिसळून भरपूर ढवळा. गुठळ्या राहिल्या तर वाळून तयार होणाऱ्या एकाच फिल्मचे (पातळ पापुद्र्याचे) दोन तुकडे वेगवेगळे आकडे देतील. कार्बनची पावडर उडते, मास्क लावाच. पसरट डिशमध्ये ओतून सावकाश वाळवा. वाळलेली फिल्म सौम्य कॉस्टिक सोड्यात बुडवून धुवा, नाहीतर पाणी लागताच विरघळायला लागेल.

फिल्म दाबली की कार्बनचे कण जवळ येतात, विजेला होणारा रोध घटतो. ताणलं की उलट. कार्बन फार कमी असेल तर विजेला जायला वाटच तयार होत नाही, फार जास्त असेल तर फिल्म ठिसूळ होते आणि दाबाला दाद देत नाही. वाट जेमतेम जुळते त्या प्रमाणाच्या जरा वर राहा. त्यासाठी वेगवेगळ्या प्रमाणांच्या फिल्म करून मल्टिमीटरने तपासा.

खरा त्रास देणार मुंबईची दमट हवा. कायटोसान फुगतं आणि कुणी पाय न ठेवताही आकडा सरकतो. म्हणून एकाच फिल्ममधून दोन सारख्या पट्ट्या कापा. एक टाचेखाली, दुसरी शेजारीच पण दाब पडणार नाही अशी. दोन्ही एकापुढे एक जोडून मधल्या बिंदूचा व्होल्टेज आर्डुइनोला (आकडे वाचणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला) द्या. ओलावा दोघींना सारखाच लागतो, त्यामुळे त्याचा परिणाम बराचसा कटतो. जोडणीसाठी तांब्याची टेप आणि बोर्ड लॅमिंग्टन रोडला मिळून जाईल.

कॅलिब्रेशन करताना, म्हणजे ठाऊक असलेली वजनं ठेवून सेन्सरचे आकडे जुळवताना, वजनं चढवतानाचे आणि उतरवतानाचे आकडे वेगवेगळे लिहा. दोन्ही रेषा जुळणार नाहीत. तो फरक आलेखात तसाच दाखवा.