घरी दिसतं, सर्व्हरवर गायब

प्रश्न : वेबपानाचं बॅकग्राउंड चित्र मी पीएचपीतून (सर्व्हरवर चालणाऱ्या कोडमधून) बदलतो. स्टाइल पानातच छापली जाते. माझ्या विंडोजवर झकास, लिनक्स सर्व्हरवर चढवलं की नुसतं पांढरं. सीएसएस, म्हणजे स्टाइलचा कोड, दहादा तपासली.

उत्तर : अकराव्यांदा तपासू नका. ब्राउझरमध्ये एफ १२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा, पान रिफ्रेश करा. चित्रापुढे ४०४ (‘फाइल सापडली नाही’) आला तर पत्ता चुकलाय. वेगळ्या सीएसएस फाइलीतला पत्ता त्या फाइलीपासून मोजला जातो. तुमची स्टाइल पानात आहे, म्हणून मोजणी पानाच्या पत्त्यापासून. पत्त्याची सुरुवात तिरक्या रेघेने (/) करा, म्हणजे तो साइटच्या मुळापासून धरला जाईल.

तरीही ४०४? अक्षरं बघा. माझी एक अख्खी संध्याकाळ यातच गेली: फाइलीच्या नावात ‘जेपीजी’ कॅपिटलमध्ये, कोडमध्ये स्मॉल. विंडोज हे खपवून घेतं, लिनक्स नाही. माझा संशय यावरच आहे.

४०४ नसेल, तर चित्र ज्या डिव्हला, म्हणजे पानावरच्या चौकटीला, दिलंय तिला उंची आहे ना पाहा. रिकाम्या डिव्हची उंची शून्य. किंवा स्टाइलमध्ये खाली कुठेतरी नुसतं ‘बॅकग्राउंड’ लिहून रंग दिला असेल. त्याने वरचं चित्र पुसलं जातं. तिथे ‘बॅकग्राउंड-कलर’ लिहा.