जुन्या जर्मन संस्थानांची छोटी नाणी जमवायची आहेत, सुरुवात कुठून करू?

प्रशियाच्या तांब्याच्या एका फेनिगपासून करा. चांदीचा टालर देखणा असतो, पण महाग पडतो. शिवाय फेनिग जास्त शिकवतो, कारण त्याच्यावर हिशेबच कोरलेला असतो: ‘३६० आइनेन टालर’, म्हणजे अशी ३६० नाणी मिळून एक टालर. ३ फेनिगच्या नाण्यावर तोच आकडा १२० होतो, ४ फेनिगवर ९०. सोबत ‘शायडे म्युंत्से’ हे शब्द असतात, म्हणजे खुर्दा. हे वाचता आलं की बाकीची संस्थानं आपोआप उलगडायला लागतात. टालर आणि फेनिग यांच्या मधलं नाणं म्हणजे ग्रोशन. १८४० नंतर शेजारच्या सॅक्सनीतही प्रशियासारखे टालरचे ग्रोशन तीसच, पण तिथे ग्रोशनचे फेनिग दहा, प्रशियात बारा. दक्षिणेत गुल्डनचे साठ क्रॉइत्सर. ब्रेमेनमध्ये ग्रोटचे पाच श्वारेन.

टांकसाळीचं बारीक अक्षर भिंगाखाली नक्की बघा. प्रशियाच्या नाण्यावर ‘ए’ म्हणजे बर्लिन. पण १८३०च्या दशकातल्या हॅनोव्हरच्या नाण्यावर ‘ए’ दिसलं, तर ते क्लाउस्टाल, हार्ट्स डोंगरातलं खाणींचं गाव. यात नवखा माणूस हमखास फसतो.

हॅनोव्हर माझं सगळ्यात लाडकं. १८३७पर्यंत इंग्लंडचा राजा तोच हॅनोव्हरचा राजा होता. आजीच्या पितळी डब्यात १८३५चा कंपनी सरकारचा रुपया होता, विल्यम चौथ्याचा चेहरा असलेला. हॅनोव्हरचा फेनिग हातात आला तेव्हा मी तो त्या रुपयाशेजारी ठेवला. त्याच राजाची मुकुटाखाली गुंफलेली आद्याक्षरं! त्या दुपारी मी ती दोन नाणी किती वेळ बघत बसलो होतो, सांगता येणार नाही. पुढे इंग्लंडच्या गादीवर व्हिक्टोरिया आली. हॅनोव्हरला मात्र पुरुष वारस असताना बाईला गादी नव्हती, म्हणून तिथे तिचा काका एर्न्स्ट ऑगस्ट बसला आणि दोन्हीकडच्या नाण्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

एक कळकळीची विनंती. नाणी घासू नका. माझा पहिला फेनिग मी घरचा तांब्याचा गडू घासतात तसा चिंचेनं घासला. दीडशे वर्षांत चढलेला तपकिरी रंग एका मिनिटात उतरला आणि खाली उघडंबोडकं गुलाबी तांबं राहिलं. तो रंग परत येत नाही. मऊ पीव्हीसीची पाकिटंही टाळा, त्यात तांबं हिरवं पडतं. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा.

हात बसला की रॉयस घराण्याच्या छोट्या संस्थानांकडे वळा. त्या घराण्यात प्रत्येक मुलाचं नाव हाइनरिख ठेवायचे, म्हणून राजांचे क्रमांक कुठल्या कुठे जातात. मी सध्या सदुसष्टाव्या हाइनरिखच्या नाण्याच्या शोधात आहे.