बँका आयटीवर एवढा खर्च करतात, तरी 'सर्व्हर डाऊन' का ऐकावं लागतं? त्यांच्या वेबसाइट जुनाट का दिसतात? तंत्रज्ञान बदललं की बँकेत आत नेमकं काय बदलतं?

मी आधी शाखेत काउंटरवर होतो, नंतर बरीच वर्षं बँकेच्या आयटी विभागात. त्यामुळे आतून जसं दिसतं तसं सांगतो.

बँक जुनी यंत्रणा उपटून नवी बसवत नाही, जुनीवर नवा थर चढवते. तुम्हाला दिसतं ते ॲप म्हणजे सगळ्यात वरचा थर. तो दर दोन-तीन वर्षांनी बदलतो. सगळ्यात खाली कोअर बँकिंग म्हणजे सीबीएस असतं, तिथे तुमची खरी शिल्लक असते, आणि ते पंधरा-वीस वर्षं तेच राहतं. बिघाड होतो तो बहुतेक वेळा हे थर जिथे एकमेकांना जोडलेत तिथे.

खालचा थर बदलायला बँका घाबरतात, आणि त्यांचं बरोबर आहे. राहत्या घराचा पाया बदलण्यासारखं ते काम आहे. १९८४ साली बँकांच्या संगणकीकरणावरच्या रंगराजन समितीचा अहवाल आला आणि शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची, म्हणजे खातेवहीत नोंदी करणारी, यंत्रं येऊ लागली. संगणकीकरण किती आणि कुठे करायचं, यावर कर्मचारी संघटनांशी करारावर करार झाले. पुढे शाखेत संगणक आले, पण प्रत्येक शाखा आपापली वेगळी. दादरच्या शाखेतलं खातं नाशिकला दिसत नव्हतं. २००० नंतर सीबीएस आलं तेव्हा सगळ्या शाखांचा डेटा एका जागी ओतायची वेळ आली, आणि खरी मेहनत तिथे होती. सॉफ्टवेअर विकत घेणं त्यामानाने सोपं. लेजरमध्ये खातं 'श्री. व सौ. पाटील' एवढ्याच नावाने उघडलेलं, जन्मतारीख नाही, पत्ता 'मारुती मंदिराजवळ'. सॉफ्टवेअर जन्मतारखेशिवाय पुढे सरकत नाही, मग तिथे ०१-०१-१९०० अशी काहीतरी तारीख टाकायची आणि पुढे जायचं. एकाच माणसाची तीन शाखांत तीन खाती असली तर तो तीन वेगळे ग्राहक म्हणून आत गेला. नंतर रिझर्व्ह बँकेने प्रत्येक ग्राहकाला एकच क्रमांक द्यायला सांगितलं आणि हा गुंता सोडवणं सुरू झालं. बँक पुन्हा पुन्हा केवायसी मागते म्हणून लोक चिडतात. नियमाप्रमाणे ते ठरावीक काळाने करावंच लागतं, पण जुन्या खात्यांच्या बाबतीत त्या वेळच्या रिकाम्या रकान्यांचाही त्यात वाटा असतो.

या सगळ्यातून सामान्य खातेदाराला काय मिळालं याचं माझं आवडतं उदाहरण बचत खात्यावरच्या व्याजाचं आहे. पूर्वी महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल त्यावर व्याज मिळायचं. पंधरा तारखेला पैसे काढले की त्या महिन्याचं बरंचसं व्याज गेलं. १ एप्रिल २०१० पासून व्याज रोजच्या शिल्लकेवर मोजायला लागले. लाखो खात्यांचं व्याज रोज हाताने मोजणं कुणालाच शक्य नव्हतं, सीबीएसमुळे ते झालं. ॲप चकाचक आहे की नाही यापेक्षा मला हा बदल फार मोठा वाटतो, कारण पगारावर जगणाऱ्या माणसाच्या खात्यात त्यातून दोन पैसे जास्त पडले.

आता 'डाऊन'कडे येतो. सीबीएसची रचना दिवस संपतो हे गृहीत धरून झाली आहे. रात्री 'ईओडी' चालतं, म्हणजे दिवसाची अखेर: व्याज मोजणं, स्थायी सूचना (ठरल्या तारखेला आपोआप जाणारे हप्ते वगैरे), ताळमेळ, मग तारीख पुढे सरकते. पूर्वी रात्री बँक बंदच असायची, तेव्हा कुणाचं काही अडत नव्हतं. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास झालं, १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस. आयएमपीएस तर २०१० पासूनच तसं होतं. म्हणजे ईओडी चालू असतानाही पैसे येत-जात राहणार. त्यासाठी तेवढ्या वेळापुरती शिल्लकेची एक प्रत बाजूला ठेवतात, व्यवहार त्यावर घेतात आणि नंतर मूळ खात्यात चढवतात. हा सांधा नीट बसला नसेल तर मध्यरात्रीच्या आसपास पेमेंट अडकतात. तिमाही अखेर आणि ३१ मार्चला हे जास्त जाणवतं, कारण त्या रात्रीचं ईओडी लांबतं.

दुसरा भार युपीआयचा. ११ एप्रिल २०१६ ला मुंबईत त्याची सुरुवात झाली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यातले व्यवहार पहिल्यांदा १,००० कोटींच्या वर गेले. स्लिप भरून महिन्यातून दोनदा पैसे काढणाऱ्या ग्राहकासाठी जे कोअर बांधलं होतं, त्याला आता दहा रुपयांच्या चहाचीही नोंद करायची असते. पेमेंट करताना तुमचं ॲप, एनपीसीआय (युपीआय चालवणारी संस्था), तुमची बँक आणि दुकानदाराची बँक असे चौघे काही सेकंदांत एकमेकांशी बोलतात. एकाचं उत्तर उशिरा आलं तरी तुमच्या पडद्यावर 'पेंडिंग'. यावर बँकांनी नुसते सर्व्हर वाढवले नाहीत, सुटे व्यवहार कोअरपर्यंत जाऊच नयेत अशी सोय झाली. सप्टेंबर २०२२ मधलं युपीआय लाइट ते हेच: छोटी रक्कम आधी बाजूला काढून ठेवायची, त्यातून पिनशिवाय खर्च करायचा. पासबुकातली चहा-वडापावची रांगही त्याने कमी होते. ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपमधून दिवसाला ५० वेळाच शिल्लक तपासता येते, तेही या भारामुळेच. लोक दिवसभर शिल्लक बघत बसतात हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण प्रत्येक वेळी फेरा कोअरलाच पडतो.

वेबसाइट जुनाट का दिसतात, हेही तुम्ही विचारलंय. बऱ्याच बँकांत शाखेतला सीबीएसचा पडदा फक्त इंटरनेट एक्सप्लोररवर नीट चालायचा. कंपन्यांच्या नेट बँकिंगमध्ये डिजिटल सहीसाठी जावाचा छोटा प्रोग्राम ब्राउझरमध्ये चालवावा लागायचा. २०१५ मध्ये क्रोमने तशा प्लगइनचा आधार काढला, तरी अकाउंटंट मंडळींच्या संगणकावर जुना एक्सप्लोरर आणि ठरावीक आवृत्तीची जावा जपून ठेवलेली असायची. अपडेट आलं की 'नको' दाबा, अशी सूचना फोनवरून दिली जायची. जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सप्लोरर बंद केला तेव्हा कुठे अनेक ठिकाणी हललं, आणि तिथेही काही जणांनी मायक्रोसॉफ्टच्याच एज या नव्या ब्राउझरमधल्या जुन्या मोडवर काम भागवलं. याला आळस म्हणणं सोपं आहे. पण बँकेत एक बटण हलवायचं तरी चाचणी, सुरक्षा तपासणी, ऑडिट, मंजुरी आणि काही बिघडलं तर मागे कसं फिरायचं याची तयारी लागते. ती शिस्त मला हवीच आहे. मात्र ज्या सॉफ्टवेअरला कंपनीने आधार देणं बंद केलंय ते 'चालतंय ना' म्हणून ठेवण्याला शिस्त म्हणता येत नाही.

बँका स्वतःहून हलतात कमी, रिझर्व्ह बँकेने तारीख दिली की हलतात. ऑगस्ट २००९ मध्ये ऑनलाइन कार्ड व्यवहाराला दुसरी खातरजमा सक्तीची झाली, तेव्हा धंदा बुडेल अशी ओरड होती. आज ओटीपीशिवाय पैसे गेले तर आपणच घाबरू. २०१८ अखेर चुंबकीय पट्टीची कार्डं चिपवर न्यावी लागली, ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांना कार्ड क्रमांक साठवायला बंदी झाली. बँकांना आपल्या वेबसाइट 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर न्यायला ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत होती. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो, त्यामुळे खोटी साइट ओळखणं सोपं होतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढं एक जरूर सांगा.

मला सगळ्यात जास्त काळजी नागरी सहकारी बँकांची वाटते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला तो नेमका सांध्यावर. एटीएमची विनंती कोअरपर्यंत जायची, तिथे मध्येच हल्लेखोरांनी स्वतःचा खोटा स्विच (एटीएमच्या विनंतीला होकार-नकार पोचवणारी यंत्रणा) उभा केला आणि तोच प्रत्येक विनंतीला 'द्या पैसे' म्हणत राहिला. २८ देशांतून पैसे निघाले, परदेशी पैसे पाठवायच्या स्विफ्ट यंत्रणेतूनही रक्कम हाँगकाँगला गेली, एकूण सुमारे ९४ कोटी. ही तर राज्यातली मोठी, जुनी सहकारी बँक. तालुक्यातल्या दहा शाखांच्या बँकेकडे रात्री स्क्रीनकडे बघायला माणूस तरी असतो का? बहुतेक जण बाहेरच्या कंपनीची सेवा घेतात. जुलै २०२४ च्या अखेरीस अशाच एका सेवा पुरवठादारावर हल्ला झाला, एनपीसीआयने त्याला खबरदारी म्हणून तात्पुरतं वेगळं केलं आणि देशातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांची पेमेंट सेवा थांबली. एकत्र सेवा घेणं चूक नाही, छोट्या बँकेला दुसरं परवडत नाही. पण पुरवठादाराची तपासणी बँकेइतकीच कडक हवी, आणि संचालक मंडळात हे कळणारा निदान एक माणूस हवा. निवडणुकीत पॅनेलं ठरतात तेव्हा सभासदांनी हे विचारायला हवं.

तुमचे पैसे अडकले असतील तर: युपीआयने दुकानदाराला पेमेंट करताना खात्यातून रक्कम गेली पण त्याला ती मिळाल्याची खात्रीच आली नाही, तर ती व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत यायला हवी. व्यक्तीला पाठवली आणि तिच्या खात्यात जमा झाली नाही, तर एका दिवसात. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही न मागता, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा आदेश आहे. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक जपून ठेवा आणि आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत.