लॅपटॉपचे वाय-फाय वारंवार तुटत असल्यास कोणता राउटर घ्यावा?

त्याच जागी फोनचे वाय-फाय सुरळीत चालत असेल, तर दोष बहुधा लॅपटॉपच्या ड्रायव्हरमध्ये (वाय-फाय कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) किंवा वीजबचतीसाठी वाय-फाय कार्ड बंद करणाऱ्या सेटिंगमध्ये असतो, आणि मग कितीही महाग राउटर आणला तरी फरक पडत नाही. सर्वच उपकरणांची जोडणी तुटत असेल, तर मात्र २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे दोन्ही बँड (वाय-फायचे लहरींचे पट्टे) असलेला आणि ज्याच्या फर्मवेअरसाठी (राउटरच्या आतील सॉफ्टवेअरसाठी) कंपनी नियमित अपडेट देते असा राउटर निवडावा. खोक्यावर छापलेल्या वेगाच्या आकड्यांना मी फारसे महत्त्व देत नाही. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल वेगवान असला तरी भिंतींपलीकडे लवकर क्षीण होतो. २.४ गिगाहर्ट्झवर शेजारच्या राउटरांची गर्दी असल्यास १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत मोकळे चॅनेल (त्या बँडचा छोटा भाग) राउटरच्या सेटिंगमध्ये ठेवावे.