तोंडी सांगितलं ना, मग तू लेखी कळव

अगं, साहेबांनी फेल लॉट सोडायला तोंडीच सांगितलं, हे सांगताना परवा फोनवर तू तीनदा म्हणालीस की काका, साहेब तसे चांगले आहेत. असतील. महिनाअखेरीला डिस्पॅचचा आकडा गाठायचा असला की चांगली माणसंच "आत्ता लॉट सोड, डेव्हिएशन, म्हणजे मापात न बसणारा माल सोडायची लेखी परवानगी, नंतर बनवू" म्हणतात, आणि ते नंतर कधी येत नाही. जो भोकात शिरायलाच नको तो नो-गो गेज बोअरमध्ये सरळ आत जातोय, म्हणजे भोक मापापेक्षा मोठं झालंय, हे तू डोळ्यांनी बघितलंयस ना, मग साहेबांच्या स्वभावाचं काय करायचंय?

मेल टाक. भांडण नको, रडणं तर नकोच. अमुक लॉटमध्ये इतके पीस नो-गोला फेल, लॉट होल्डवर ठेवलाय, सोडायचा असल्यास कृपया लेखी कळवावं, बास. बहुतेक वेळा उत्तरच येत नाही आणि लॉट गुपचूप सॉर्टिंगला, म्हणजे चांगले-वाईट पीस वेगळे करायला, जातो.

अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानाचे बूस्टर रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉलमधल्या रॉजर बोइजॉलीने जुलै 1985 लाच वरिष्ठांना मेमो लिहिला होता, सांध्यातल्या ओ-रिंगकडे, म्हणजे रबरी सीलकडे, लक्ष दिलं नाही तर माणसं जातील म्हणून. 27 जानेवारी 1986 च्या रात्री इंजिनिअर सांगत होते एवढ्या थंडीत उडवू नका, तर तिथला एक वरिष्ठ दुसऱ्याला म्हणाला, इंजिनिअरची टोपी काढ, मॅनेजरची घाल. दुसऱ्या दिवशी सात जण गेले. मेमोने काय झालं मग, असं विचारशील. यान थांबलं नाही, मान्य, पण चौकशीत तो कागद होता. उलट फोक्सवॅगनच्या डिझेल प्रकरणात, म्हणजे धुराच्या चाचणीत फसवणारं सॉफ्टवेअर गाड्यांत बसवल्याच्या प्रकरणात, जेम्स लिआंग या इंजिनिअरला 2017 मध्ये अमेरिकेत 40 महिन्यांची कैद झाली, आणि वकील सांगत राहिले की त्याने कंपनीवरच्या निष्ठेपोटी केलं. निष्ठा! म्हणून सांगतोय, लेखी.

माझं म्हणशील तर याच सवयीपायी मला क्वालिटीतून उचलून स्टोअर्सला टाकलं, हाताखालचा पोरगा एजीएम, म्हणजे असिस्टंट जनरल मॅनेजर, झाला. तुझी काकू अजून ऐकवते, जरा नरमाईने घ्यायचं होतं. अगं पण मी नरमाईनेच लिहायचो, प्रत्येक मेलमध्ये "कृपया" असायचं! आणि लिहिलं नसतं तर बढती मिळालीच असती असं कोण सांगतं?

जाऊ दे. उद्या शिफ्ट सुरू होताच मेल टाक. पहिल्या मेलला वरच्या कोणाला सीसी करू नकोस, ते दुसऱ्या मेलला. आणि मला बीसीसी अजिबात नको, कंपनीची माहिती बाहेर पाठवली म्हणून तुलाच धरतील.