कोणतं अनुदान हे नंतर बघा, आधी पैसे कुणाच्या खात्यात येणार ते विचारा

पीएचडी नुकतीच झालीय, सोलापूरकडच्या माळरानावर भोवत्यांवर (हॅरियर, माळावरचे शिकारी पक्षी) काम करायचंय, तर अर्ज रफर्डला (निसर्ग संवर्धनाला पैसे देणारी ब्रिटिश संस्था) करू की सरकारी योजनेत, हा तुमचा प्रश्न वाचला आणि जुनी डोकेदुखी परत आली.

प्रस्ताव कसा लिहायचा ते तुम्हाला येत असणारच. रफर्डचं पहिलं छोटं अनुदान नवख्यांसाठीच असतं. तीन जणांची शिफारस लागते आणि काम संवर्धनाशी जोडलेलं हवं. सरकारी बाजूला एसईआरबीची (विज्ञान संशोधनाला निधी देणारं केंद्राचं मंडळ) जागा आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने घेतलीय. त्यांचं अर्ली करिअर अनुदान नियमित पदावर असलेल्यांना मिळतं. तुमच्याकडे पद नसेल तर पीएचडीनंतरची पोस्टडॉक फेलोशिपच बघा.

खरी गोम पुढे आहे. परदेशी पैसा घ्यायचा तर संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते आणि 2020 च्या दुरुस्तीपासून तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. 'मोठ्या संस्थेत जमा करू, मग आपल्या गावातल्या गटाला देऊ' हा रस्ता बंद. ज्यांच्या खात्यात आला, त्यांनीच खर्च करायचा. थोडक्यात, तुमचं फील्डवर्क त्यांच्या लेखा विभागाच्या हातात.

माझं घोडं तिथेच अडलं. संस्थेचं नाव घेत नाही. अनुदान जमा झालेलं, माळावर पक्षी उतरलेले, आणि लेखा विभाग म्हणतो वाटाड्याच्या रोजंदारीचं जीएसटी बिल आणा! पक्षी रात्री कुठे बसतात ते दाखवणारा मेंढपाळ जीएसटी बिल कुठून देणार? सहीचं व्हाउचर दिलं, आधारची झेरॉक्स दिली, सरपंचांचं पत्र दिलं. मग भाड्याच्या मोटरसायकलसाठी तीन कोटेशनं मागितली. मग साहेब रजेवर. भोवत्या हिवाळी पाहुणा, मार्च-एप्रिलमध्ये परततो. फाइल सुटली तेव्हा माळ रिकामा होता, आणि वर मार्चअखेर म्हणून 'पैसे का खर्च झाले नाहीत' याचा खुलासा मलाच मागितला. यांचं आर्थिक वर्ष आणि पक्ष्यांचा हंगाम एकदमच संपतो, हे त्यांना कोण सांगणार!

म्हणून संस्था ठरवण्याआधी थेट अकाउंटंटला भेटा. संचालकांच्या गोड बोलण्यावर जाऊ नका. बिलाविना रोजंदारी कशी देता, आगाऊ रक्कम किती देता, हे ईमेलवर लेखी घ्या. परदेशी निधीतून प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही, तेव्हा कुणी तिप्पट ओव्हरहेड मागितला तर खुशाल विचारा. अर्थात मी सीए नाही, नियम बदलत असतात. खात्री करून घ्या.

तुम्ही जीपीएस टॅगचंही लिहिलंय. माझं मत: पहिल्या अनुदानात नकोच. पक्षी पकडायचा म्हणजे वन्यजीव कायद्याखालची वेगळी परवानगी आली आणि बजेटही त्यातच संपणार. त्यापेक्षा रातथाऱ्यावर, म्हणजे पक्षी रात्री बसतात तिथे, ते उठून गेल्यावर पेलेट (न पचलेल्या भागांच्या, पक्ष्याने ओकलेल्या गोळ्या) गोळा करा. फोडलं की टोळांचे पाय, उंदराची हाडं, केस असं सगळं निघतं, आहार कळतो आणि खर्च कागदी पाकिटांचा. सोलापूरजवळच्या नान्नजसारख्या अभयारण्यात यालाही वनखात्याची परवानगी लागेलच. तो अर्ज पावसाळ्याआधी टाका.

आणि हो, पेट्रोल पंपाची पावती त्याच दिवशी झेरॉक्स करा. त्या कागदावरची छपाई ऑडिटपर्यंत टिकत नाही. रोजंदारीच्या व्हाउचरचा नमुना माझ्याकडे आहे, हवा असेल तर सांगा.